आबांच्या पेटीतला पश्चिमी स्टार

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. आमचे आबा गेल्या फाल्गुनात गेले. वय ८६. गाव माण तालुक्यातलं. १९५७ साली बेळगावला मराठा पलटणीत भरती झाले, १९७५ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. पुढे साखर कारखान्यावर वॉचमन होते आणि शेती तर शेवटपर्यंत केली. मळ्यातली विहीरसुद्धा रजेवर येऊन स्वतःच खणली. वर्षश्राद्धाला त्यांची छोटी पुस्तिका काढायची आहे, दोनशे प्रती. धाकट्या भावाने मजकूर लिहून आणलाय. आबा १९७१ला जंगी पलटणीतून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला कसे लढले, असा पानभर. कुठून मिळालं विचारलं, तर म्हणतो, "तिथं मराठे होते, मग आबा असणारच की!" आबा लढाईचं कधी बोलले नाहीत. फार खनपटीला बसलं तर म्हणायचे, "वाळू लई होती." डिस्चार्ज बुकात पलटणीचं नाव असलेलं पान वाळवीने खाल्लंय. पेटीत समर सेवा स्टार, रक्षा मेडल, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविशीचं एक मेडल आहे. भाऊ ती चिंचेनं घासायला निघालाय. शिवाय आईने जपलेली मनीऑर्डरची कूपनं आहेत. १९७२च्या एकावर आबांच्या अक्षरात आहे : "रु. ६० पाठविले. बैल विकू नये. इकडे पाणी टँकरने येते. तिकडे कसे?" आई म्हणते, त्या साली मी खडी फोडायला जात होते. आम्ही काय छापावं?
— एक वाचक भगिनी, जि. सातारा

उत्तर : ताई, आधी भावाच्या हातातली चिंच काढून घ्या. स्टार काशाचे असतात, काळपट दिसणं हाच त्यांचा रंग. घासून घासून नावाची अक्षरं पुसट झालेली मेडलं मी कितीतरी घरांत पाहिलीत. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा आणि उलटी करून भिंगाखाली बघा. नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असेल तर आधी वहीत उतरवून घ्या.

आता जमालपूर. मी पलटणीत क्लार्क होतो. लढाईपेक्षा कागदच जास्त पाहिले, म्हणून कागदाच्या बाजूने बोलतो. पश्चिमी स्टार मिळतो १९७१ला पश्चिम आघाडीवर असलेल्याला. पूर्वेला, म्हणजे आजच्या बांगलादेशात लढलेल्याला पूर्वी स्टार. संग्राम मेडल त्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांनाच मिळालं, त्यावरून काही ठरत नाही. पण स्टारवरून ठरतं. तुमचे आबा जमालपूरला नव्हते. आणि "वाळू लई होती" हे ब्रह्मपुत्रेच्या काठी, भाताच्या चिखलात उभा राहिलेला माणूस म्हणेल का? तेवढ्या तीन शब्दांत त्यांनी तुम्हाला सगळं सांगून ठेवलं होतं.

जमालपूरची गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे, म्हणूनच ती उसनी घेऊ नये. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, नदी ओलांडून शहराच्या पाठीमागे रस्ता अडवून बसली. शरण या म्हणून चिठ्ठी गेली, तर पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीच्या सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री बलुच वेढा फोडायला निघाले ते मराठ्यांच्या मशीनगनसमोरच आले. ११ला जमालपूर पडलं. त्या रात्री तिथं असलेली माणसं तुमच्या-माझ्या तालुक्यात अजून आहेत. तुमच्या दोनशे प्रतींतली एक त्यांच्यातल्या कुणाच्या ओट्यावर गेली, की तो चष्मा पुसून विचारणार, "कुठली कंपनी?" भावाला तो प्रश्न आजच विचारा. वाईट वाटेल त्याला. वाटू द्या. बाप मोठा दाखवावा असं कुणाला वाटत नाही?

पलटणीचा नंबर हवा असेल तर बेळगावला मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला आईच्या सहीने अर्ज करा. डिस्चार्ज बुकाची उरलेली पानं, मृत्यूचा दाखला आणि आर्मी नंबर जोडा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज लिहायला मदत मिळते. उत्तर यायला वेळ लागेल, वर्षश्राद्धाचं गणित त्यावर बसवू नका. पुस्तिकेत आर्मी नंबर आणि पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या हुकमाचा नंबर, मात्र छापू नका, पेन्शनवर डोळा ठेवून फोन करणारे भामटे फार झालेत. आणि हो, आईचं फॅमिली पेन्शन सुरू झालं ना? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. नसेल झालं, तर पुस्तिका राहू द्या बाजूला, आधी ते करा.

वाळवीने नेमकं पलटणीचंच पान खाल्लं, पण ओळखखुणांचं पान शाबूत असेल तर ते वाचा. एखादा व्रण, एखादा तीळ लिहिलेला असतो. तसली शेकडो पानं मी टाईप केलीत. जवानाला शर्ट काढायला लावून खुणा शोधायच्या, तोही बिचारा संकोचायचा. "डाव्या गुडघ्याखाली जुना व्रण" असं काही निघालं तर आईला विचारा तो कशाचा. भरतीच्या आधीचा असेल तर बहुतेक गुरं राखतानाचा निघेल, आणि त्यात त्यांचं सगळं लहानपण येईल.

पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? जमालपूरला पानभर आणि विहिरीला एक ओळ!

तारखा जुळवून बघा. युद्ध संपलं डिसेंबर १९७१ला. सिमला करार जुलै १९७२चा. पण सिंधमध्ये आपण घेतलेला नगरपारकर, चाचरोकडचा वाळूचा मुलूख परत देऊन फौजा सरहद्दीवर मागे यायला १९७२चा डिसेंबर उजाडला. ते आख्खं वर्ष त्या पट्ट्यात जवान रेतीत बसून होते. आबांची पलटण तिथंच होती असं मी छातीठोक सांगत नाही, ते बेळगाव सांगेल. पण कूपन १९७२चं आहे आणि पाणी टँकरचं आहे. आणि त्याच साली माणदेशात काय होतं, हे तुमच्या आईला विचारा. पाऊस नाही, चारा नाही, दावणीची जनावरं मातीमोल. आई दुष्काळी कामावर खडी फोडतेय, पोरांना सुकडी मिळतेय, तांबडी मिलो ज्वारी खावी लागतेय. नवरा एका वाळवंटात, बायको दुसऱ्यात. आणि तो माणूस कूपनाच्या बोटभर जागेत विचारतो, तिकडे कसे? बैल विकू नये, हे हुकमासारखं लिहिलंय, पण बैलाच्या चाऱ्याला त्याच्याकडे साठ रुपये आहेत. ते कूपन पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापा. फोटो काढूनच छापा, टाईप करून नको. अक्षर दिसलं पाहिजे. मागे शिक्का बघा, गावाचं नाव नसेल, फौजी टपालाचा नुसता नंबर असेल. आपण कुठं आहोत हे लिहायची मुभाच नव्हती त्यांना.

जवानाला वर्षाची रजा दोन महिने. तिच्यात लग्नं उरकायची, घर शाकारायचं, आजारी आईबापांना तालुक्याला न्यायचं, झालंच तर झोपायचं. १९७२ पाहिलेल्या माणसाने त्या रजा विहिरीत घातल्या असतील तर किती घातल्या, ते आईकडून मोजून घ्या. माणच्या मातीत हातभर माती, मग मुरूम, आणि मग काळा पाषाण, तिथं पहार लागत नाही. सुरुंगाशिवाय गती नाही. पाणी किती फुटांवर लागलं, महिना कुठला होता, पहिली बादली कुणी वर ओढली? पहिल्या पाण्यावर काय केलं, मका की कडवळ? बैल राहिले का विकले? रजा संपल्यावर अर्धी विहीर तशीच टाकून हा माणूस ट्रंक उचलून परत जायचा, तेव्हा घमेलं कुणाच्या डोक्यावर यायचं? हे सगळं अजून एका माणसाला माहीत आहे आणि ती तुमच्या घरात आहे. मोबाईल तिच्यासमोर टेबलावर मांडून मुलाखत घेऊ नका, गप्प होईल. विहिरीवर घेऊन जा. काठावर बसवा.

वॉचमनकीचंही लिहा. हवालदार म्हणून पंचवीस-तीस माणसांना कवायत दिलेला माणूस कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीत उसाच्या गाड्यांचे नंबर लिहितो, हे कमीपणाचं वाटून पुष्कळ घरं गाळतात. ती वही सापडली तर बघा. सातातली आडवी रेघ फौजी पद्धतीने मारलेली असेल.

भावाच्या मजकुरातलं काहीच घ्यायचं नाही का? घ्या. १९६५चा समर सेवा स्टार खरा आहे, म्हणजे त्या लढाईत ते प्रत्यक्ष टापूत होते. १९७१चा पश्चिमी स्टार खरा आहे. दोन युद्धं, दोन स्टार. एवढी दोन वाक्यं त्याच्या हाताने लिहून घ्या आणि खाली त्याचं नाव घाला.

आणि आईला एक माझ्यातर्फे विचारा. सुरुंगाच्या दोरीला काडी कोण लावायचं? दोन महिन्यांत आबा परत गेल्यावरसुद्धा सुरुंग उडत होते का? जे सांगेल ते मला कार्डावर कळवा.