मवाळ उमेदवार कुंपणावरच्या मतांवर जिंकतो का? गोव्याचा हिशेब

तुम्ही विचारलंय की मवाळ भूमिकेचा उमेदवार कुठल्याच पक्षाला न बांधलेली मतं ओढून जिंकतो, असं अमेरिकेत सांगतात, ते गोव्यात लागू पडतं का. माझं उत्तर असं, की मवाळपणाचा फायदा इथे होतो, पण मधली मतं मिळतात म्हणून कमी आणि समोरची मतं एकगठ्ठा होत नाहीत म्हणून जास्त.

अमेरिकेतही चित्र सांगतात तेवढं सरळ नाही. तिथे चाळीसेक टक्के लोक स्वतःला पक्षनिरपेक्ष म्हणवतात, पण त्यातले बहुतेक दर खेपेला एकाच बाजूला मत टाकतात. अँड्र्यू हॉल आणि डॅनियल थॉम्प्सन यांचा २०१८चा अभ्यास सांगतो, की जहाल उमेदवार उभा राहिला की विरोधी पक्षाचेच मतदार जास्त संख्येने बाहेर पडतात. गोव्यात नेमकं हेच बघायचं असतं.

इथले मतदारसंघ ४०, प्रत्येकात सरासरी २८-२९ हजार मतदार आणि मतदान ८० टक्क्यांच्या आसपास. चौरंगी लढतीत सात-आठ हजार मतांत आमदार होतो. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, वेळ्ळीचा १६९, प्रियोळचा २१३. एक वाडा इकडचा तिकडे झाला की संपलं. म्हणून बूथवरचा कार्यकर्ता मतदार यादी घेऊन घरटी खुणा करतो: आपला, त्यांचा, सांगता येत नाही. या तिसऱ्या खुणेला लोक 'मवाळ मतदार' समजतात आणि तिथेच फसतात. त्यात नोकरीच्या आशेवरचं घर असतं, पंचायतीच्या दोन्ही पॅनेलांत नातेवाईक असलेलं कुटुंब असतं, बोटीवर नोकरीला किंवा इंग्लंडात गेलेल्याचं नुसतं नाव असतं. त्यांना विचारांच्या मधोमध बसलेला उमेदवार नको असतो. फोन उचलणारा, पंचायतीतलं अडलेलं काम करून देणारा हवा असतो.

नावेलीची उदाहरणं बघा. २०१२ मध्ये तिथे भाजपने अपक्ष आवेर्तान फुर्तादो यांना पाठिंबा दिला आणि काँग्रेसचे मंत्री चर्चिल आलेमाव हरले. त्याच निवडणुकीत भाजपचे सहा ख्रिस्ती उमेदवार निवडून आले आणि पक्ष २००७च्या १४ जागांवरून २१ वर गेला. भाजपचे नेते मनोहर पर्रीकर यांनी तेव्हा ख्रिस्ती मतदाराची भीती कमी केली, त्यामुळे काँग्रेसकडे जाणारा गठ्ठा सुटला. अर्थात खाण घोटाळ्याचा आणि घराणेशाहीचा रागही होता. सगळं श्रेय मवाळपणाला देणं मला पटत नाही. दहा वर्षांनी त्याच नावेलीत भाजपचे उल्हास तुयेकर ४३० मतांनी जिंकले, तेही साधारण चौथा हिस्सा मतं घेऊन. विरोधी मतं तृणमूल, काँग्रेस आणि आप यांच्यात वाटली गेली. मतदारसंघ तोच, पक्षाचा फायदा दोन्ही वेळा, पण दुसऱ्या वेळी मधल्या मतदाराचा संबंध फारसा नव्हता. पणजीतही २०२२ मध्ये मनोहर पर्रीकरांचे पुत्र उत्पल अपक्ष उभे राहून भाजपकडून ७१६ मतांनी हरले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या काँग्रेसला तीन हजारांवर मतं होती.

मवाळपणाची किंमतही असते, ती मोजायला लोक विसरतात. भाजप सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांचं अनुदान चालू ठेवल्यामुळे गोव्यातले संघाचे प्रमुख सुभाष वेलिंगकर आणि त्यांच्यासोबतचे स्वयंसेवक बाहेर पडले, २०१६ मध्ये गोवा सुरक्षा मंच निघाला आणि मगोशी (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाशी) असलेली युती तुटली. मंचाला एकही जागा मिळाली नाही. तरी २०१७ मध्ये भाजप १३ वर आला आणि मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्र्यात पडले. यात युती तुटण्याचा वाटा मोठा. पण घरोघर जाणारा माणूस रुसला की मतदानाच्या दिवशी दुपारनंतर यादीतल्या उरलेल्या नावांना हाक मारायला कोणी राहत नाही. कुंपणावरची शंभर मतं मिळवताना आपली दीडशे घरी बसणार असतील तर सौदा तोट्याचा.

तुमच्या मतदारसंघात खरी हलती मतं किती, हे स्वतः काढता येतं. निवडणूक आयोगाच्या 'नमुना २०' मध्ये मतदान केंद्रानुसार आकडे असतात. २०२२ विधानसभेचा आणि २०२४ लोकसभेचा तक्ता घ्या आणि प्रत्येक केंद्रावर तुम्ही तपासताय त्या पक्षाला मिळालेल्या मतांची टक्केवारी शेजारी शेजारी मांडा. जिथे दोन्ही वेळा दोन-चार टक्क्यांचाच फरक आहे, तिथे बांधलेली मतं. जिथे पंधरा-वीस टक्के हललंय, तिथे आधी उमेदवार किती होते ते बघा, कारण विधानसभेचा तिसरा-चौथा उमेदवार लोकसभेला नसला की त्याची मतं कुठेतरी जाणारच, ती हलती समजू नका. केंद्रांचे क्रमांकही दोन निवडणुकांमध्ये बदलतात, म्हणून क्रमांकावर न जाता यादीतल्या वाड्याच्या आणि शाळेच्या नावावरून जुळवा.