सेल्समनचा सुपरवायझर झालो आणि कालचे सोबती ऐकेनासे झाले. दरारा कसा बसवावा?

आपण लिहिले आहे की, सहा वर्षे कपड्यांच्या दुकानात विक्रीचे काम केल्यावर आपल्याला मजल्याचे सुपरवायझर करण्यात आले, आणि कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला तेच आता सांगितलेले मनावर घेत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर दरारा कसा बसवावा. ‘दरारा’ हा शब्द वाचूनच मी हे उत्तर लिहिते आहे, कारण तो बसवण्याचा प्रयत्न मी केलेला आहे, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच एका बाईने मोजली.

मी २००४ साली पुण्यातील साड्यांच्या एका मोठ्या दुकानात लागले, तेव्हा तेथे गादी होती. पांढरीशुभ्र चादर, भिंतीशी तक्के, समोर मांडी घालून बसलेले गिऱ्हाईक आणि त्याच्यासमोर बसलेल्या आम्ही. साडी काढायला उठायचे आणि उलगडायला बसायचे, अशी कामाची रीतच होती. लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यातून आलेली मंडळी तीन-तीन तास ठाण मांडून बसत. पण त्या तीन तासांत आमच्याही पायांना विसावा मिळे. २०११ मध्ये दुकानाचे रूप पालटले. गाद्या गेल्या, काचेचे काउंटर आले, गिऱ्हाइकांसाठी उंच खुर्च्या आल्या आणि आम्ही मात्र जेवणाची सुट्टी सोडली तर सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत काउंटरमागे उभ्या राहू लागलो. दुकान उघडे असताना मजल्यावर कोणी बसायचे नाही, मग समोर गिऱ्हाईक असो वा नसो, असा नियमही त्याच वेळी आला.

दोन वर्षांनी मला सुपरवायझर केले. माझ्या हाताखाली आलेल्या अकरा जणींमध्ये एक ताई अशा होत्या की, पैठणीची घडी कशी घालायची, म्हणजे पदराची जरतार आत दुमडली जाऊन तिला कायमची मोड पडणार नाही, हे मला त्यांनी शिकवले होते. आपल्याप्रमाणेच मलाही तेव्हा वाटत होते की, या माझ्याहून जुन्या आहेत, माझे ऐकणार नाहीत, म्हणून पहिल्याच महिन्यात वचक बसला पाहिजे. मार्गशीर्षातल्या एका रविवारी साताऱ्याकडचे एक कुटुंब बस्त्यासाठी आले. आहेराच्या साड्या, मानपानाच्या साड्या, नवरीचा शालू, सगळे मिळून चार तास गेले आणि काउंटरवर साठ-सत्तर साड्यांचा ढीग पडला. मंडळी गल्ल्याकडे वळल्यावर ताई काउंटरमागच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर टेकल्या आणि मांडीवर घेऊन घड्या घालू लागल्या. काम थांबलेले नव्हते, हात चालूच होते. मी कॅमेऱ्याकडे पाहिले आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणाले, “ताई, उठा आधी. नियम सगळ्यांना सारखा आहे.” त्या काही न बोलता उठल्या आणि उरलेल्या सगळ्या घड्या त्यांनी उभ्यानेच घातल्या. त्या दिवसानंतर मजल्यावर माझा शब्द कोणी मोडला नाही. आपण विचारता तो दरारा बसला होता.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री मालाच्या खोलीत ताई पायमोजे काढत होत्या. मोज्याच्या रबराने पोटरीवर जो खळगा पडला होता, त्यात माझे करंगळीचे पेर मावले असते, आणि त्याखाली घोट्यापर्यंत निळ्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या होत्या. डॉक्टरांनी उभे राहायचे काम बंद करायला सांगितले आहे, एवढेच त्या म्हणाल्या. दिवाळीचा बोनस घेऊन त्यांनी काम सोडले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते.

त्यानंतर मी धाकट्या शेठना भेटून काउंटरमागे चार स्टूल मागितले. त्यांचे उत्तर होते की, बसलेली माणसे दिसली की गिऱ्हाइकाला दुकान रिकामे वाटते. मी म्हणाले की, याच दुकानात वर्षानुवर्षे सगळे बसूनच साड्या विकत होते आणि दुकान त्यातूनच मोठे झाले. त्यावर त्यांनी मला विचारले, “तुम्ही नक्की कोणाच्या, आमच्या की त्यांच्या?” मला उत्तर सुचले नाही आणि मी खाली आले. पुढे २०१८ साली केरळने आपल्या दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे मालकांना बंधनकारक केले. कोळिकोडच्या पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तेथील दुकानांतल्या बायकांना संघटित करून, आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्यासाठी कित्येक वर्षे लढा दिला होता. ती बातमी कापून मी शेठना दाखवली, तेव्हा “ते केरळ आहे” असे म्हणून त्यांनी ती परत केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. पण तोवर मी ते दुकान सोडले होते. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावे अशी सोय असली पाहिजे, हे आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिलेले होते. म्हणजे साडी कारखान्यात विणणाऱ्याच्या पायांचा विचार झाला, ती विकणारीच्या पायांचा झाला नाही.

आज मी दुसऱ्या दुकानात बावीस जणांवर सुपरवायझर आहे. मी रुजू होण्यापूर्वीच स्टूल मागितले आणि ते मिळाले. गिऱ्हाईक पायरी चढले की माणसे आपोआप उठतात, ते मला कधी सांगावे लागत नाही. विक्री घटलेली नाही. धाकट्या शेठनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही आता माझ्याकडे आहे. संध्याकाळी सात वाजता, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी, ज्या बाईचे पाय ठणकत असतात ती चौथी साडी काढत नाही, “एवढ्याच आहेत” असे सांगून मोकळी होते. तो तोटा शेठचा होता. मी बसायची सोय मागत होते ती दुकानाच्याच बाजूने मागत होते, आणि ते त्यांना कळले नाही.

आता आपले सोबती. ते ऐकत नाहीत याचे कारण बहुधा असे आहे की, आपण अजून त्यांच्या उपयोगी पडलेला नाहीत. साप्ताहिक सुट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लावा आणि सणाच्या दिवशी कोणाची पाळी आहे हे दोन महिने आधी लिहून टाका. बिलावर कोणाचा नंबर पडायचा, हे भांडण मिटवा. एकीने दोन तास साड्या दाखवायच्या, ती जेवायला गेली की दुसरीने बिल करायचे आणि इन्सेन्टिव्हही तिनेच घ्यायचा, एवढ्यावरून वर्षानुवर्षांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. गिऱ्हाईक ज्याने बसवले त्याचाच नंबर, हा नियम मी पहिल्या आठवड्यात केला. चूक दाखवायची असेल तर मालाच्या खोलीत दाखवा, मजल्यावर कधीही नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या गर्दीत कोणालाच बसायला मिळत नाही, स्टूल असून मिळत नाही. त्या दिवसांत दर दोन तासांनी दहा मिनिटे पाळीपाळीने आत पाठवावे लागते आणि त्याची वही ठेवावी लागते. हातात मोबाइल घेऊन बसलेला माणूस आणि घड्या घालत बसलेला माणूस यांना एकच नियम लावू नये. मॉलमधल्या मोठ्या कंपनीच्या शोरूममध्ये नियम वरून ठरतात, तेथे माझ्या सांगण्यापैकी किती चालेल हे आपल्या व्यवस्थापकाच्या स्वभावावर आहे. आणि या सगळ्यानंतरही एखादा जुना मित्र मैत्रीचा फायदा घेऊन रोज अर्धा तास उशिरा येईलच. त्याला दोनदा तोंडी सांगा आणि तिसऱ्यांदा लेखी द्या. मात्र तो कागद देताना त्याला आत बोलवा, समोर खुर्ची द्या आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्यावरच सही मागा.