मिलेराइट आणि टफन्ड काच : वाचकांचे प्रश्न

मिलेराइट हे निकेल सल्फाइडचं दुर्मीळ खनिज. त्याबद्दल पूर्वी भूविज्ञानाचे विद्यार्थी आणि खनिजं जमवणारे एवढेच विचारत. आता ज्यांच्या बाथरूमची किंवा गॅलरीची टफन्ड काच (तापवून झटक्यात थंड करून मजबूत केलेली) आपोआप फुटली तेही विचारतात, कारण काचवाल्याने त्यांना 'निकेल सल्फाइड' हे शब्द ऐकवलेले असतात. गोंधळ ठरावीकच आहेत, म्हणून उत्तरं एकत्र देत आहे.

प्रश्न : एका नोट्समध्ये मिलेराइट पायराइट गटात दाखवलं आहे, दुसरीत वेगळं. परीक्षेत काय लिहू? (नांदेड)

वेगळं लिहा. पायराइटमध्ये लोखंडाच्या एका अणूमागे गंधकाचे दोन अणू असतात, मिलेराइटमध्ये निकेल आणि गंधक एकास एक. त्यामुळे स्ट्रुन्झ वर्गीकरणात (खनिजांची रासायनिक घडणीवरून केलेली विभागणी) ते धातू-गंधक 1:1 असलेल्या सल्फाइडांत येतं, क्रमांक 2.सीसी.20. स्फटिक षट्कोणी कुळातले, समांतर षट्फलकी, बहुधा केसासारखे बारीक आणि झुबक्याने वाढलेले. रंग फिकट पितळी, चमक धातूसारखी, कस (घासल्यावर उठणाऱ्या पुडीचा रंग) हिरवट काळा, कठिनता 3 ते 3.5, विशिष्ट गुरुत्व सुमारे 5.3 ते 5.6. निकेल वजनाने 64.7 टक्के. रचनेत प्रत्येक निकेल अणूभोवती गंधकाचे पाच अणू असतात आणि हीच त्याची खरी ओळख आहे. पितळी रंगामुळे जुन्या खाणकामगारांनी या सुयांना पायराइटमध्येच धरलं होतं. 1845 मध्ये हायडिंगर यांनी केंब्रिजचे खनिजशास्त्रज्ञ विल्यम हॅलोज मिलर यांचं नाव त्याला दिलं. नोट्सवर विसंबू नका, विभागातल्या प्राध्यापकांकडून क्रमांक तपासून घ्या.

प्रश्न : महाराष्ट्रात मिलेराइटची खाण आहे का? (चंद्रपूर)

नाही. भारतातला निकेलचा मोठा साठा ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात आहे, आणि तो सल्फाइडचा नसून लॅटराइटमधला आहे. सल्फाइडांतून जे निकेल मिळतं ते जगभर मुख्यतः पेंटलंडाइट या लोह-निकेल सल्फाइडचं. मिलेराइट त्याच्या सोबतीने थोडंफार सापडतं.

प्रश्न : ऑनलाइन 'नाशिकचं मिलेराइट' म्हणून सोनेरी सुयांचा नमुना घेतला. खरा कसा ओळखायचा? (पुणे)

ठिकाणाच्या नावानेच शंका यायला हवी होती. नाशिक, जळगाव, पुणे भागातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सुईसारखी खनिजं भरपूर आहेत, पण ती नॅट्रोलाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट अशी झिओलाइटं. ती मुळात पांढरी किंवा रंगहीन असतात आणि लोहाच्या डागाने पिवळसर दिसू शकतात. विशिष्ट गुरुत्व जेमतेम 2.1 ते 2.3. मिलेराइटच्या प्रसिद्ध सुया चेक प्रजासत्ताकातल्या याखिमोवच्या, वेल्समधल्या कोळशाच्या थरांतील लोहखनिजाच्या गाठींतल्या, नाहीतर अमेरिकेत केंटकीतल्या हॉल्स गॅपच्या जिओडमधल्या (आतून पोकळ, स्फटिकांनी भरलेल्या दगडांतल्या).

दहापट भिंगाखाली सुईचं टोक उजेडात धरून पाहा. उजेड आरपार गेला तर मिलेराइट नाही, ते पूर्ण अपारदर्शक असतं. सुया क्वार्ट्झच्या आत असतील आणि रंगात तांबूस झाक असेल तर बहुधा रुटाइल, म्हणजे टायटेनियमचं खनिज. सुई कठीण निघाली, पोलादी चाकूनेही ओरखडा उठत नसेल, तर पायराइटचा विचार करा, त्याची कठिनता 6 ते 6.5 आहे. कसावर मात्र भिस्त ठेवू नका. पायराइट आणि चाल्कोपायराइट यांचाही कस हिरवट काळाच येतो, आणि कस काढण्याच्या नादात नाजूक नमुना संपतो.

सराफाच्या एक्सआरएफ यंत्रावर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) 'निकेल आहे' एवढं कळेल, खनिज कळणार नाही. हीझलवुडाइटही निकेल सल्फाइडच, त्यात निकेल 73 टक्के. व्हीसाइटमध्ये 48 टक्क्यांच्या आसपास. लहानशा, खडबडीत नमुन्यावर ते यंत्र हा फरक खात्रीने सांगत नाही. नायट्रिक आम्लात विरघळवून, अमोनिया घालून डायमिथिल ग्लायॉक्सिमने लाल साका काढण्याची चाचणी छान आहे, पण तीही निकेलचीच चाचणी आहे आणि ती घरच्या ओट्यावर करायची नाही. आम्लातून निघणारा तपकिरी वायू फुप्फुसांना घातक असतो. एखाद्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात चिमूटभर पुडीचं एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी) करून घ्या. विक्रेत्याकडेही तोच आलेख मागा. सोबत आलेलं चकचकीत कार्ड म्हणजे ओळखपत्र नव्हे.

प्रश्न : हा खडा रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी सकाळी घेतल्यास सांधेदुखी जाते असं सांगतात. (सोलापूर)

घेऊ नका. निकेलची संयुगं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निश्चित घडवणाऱ्या घटकांत आहेत. अनेकांना निकेलची त्वचेची ॲलर्जीही असते. असं पाणी घेत असाल तर आज बंद करा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सांधेदुखीसाठीही त्यांच्याकडेच जा.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या नमुन्यावर हिरवी पूड आली. धुऊ का? (रत्नागिरी)

धुऊ नका, घासू नका, अल्ट्रासॉनिकमध्ये तर मुळीच घालू नका, सुया तुटतील. दमट हवेत सल्फाइड गंजून निकेलची हिरवी जलयुक्त संयुगं होतात. हवाबंद डबीत सिलिका जेल घालून ठेवा, ते रंग बदलेल तसं बदला. हात लावताना हातमोजे घाला. पूड वाढत राहिली तर एखाद्या संग्रहालयातील जतनतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्याची 12 मिमी टफन्ड काच मध्यरात्री कोणी जवळ नसताना फुटली. बिल्डर म्हणतो, 'निकेल सल्फाइड आहे, नैसर्गिक दोष, कोणाचीच चूक नाही,' आणि तशीच काच पुन्हा बसवतो आहे. (ठाणे)

यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुमच्या जिवाशी खेळणारं आहे, म्हणून हे उत्तर मोठं देतो.

निकेल सल्फाइडची दोन रूपं असतात. 379 अंश सेल्सिअसच्या वर स्थिर असतं ते अल्फा, त्याखाली स्थिर असतं ते बीटा, आणि मिलेराइट म्हणजे निसर्गात घडलेलं हेच बीटा. काचेतला कण भट्टीत तयार होतो, त्यामुळे शिस्तीने बोलायचं तर तो खनिज नाही. रचना मात्र तीच. काच वितळवताना स्टेनलेस स्टील किंवा निकेलयुक्त मिश्रधातूचा कण त्यात पडला, आणि बुडबुडे काढण्यासाठी घातलेल्या सोडियम सल्फेटातलं किंवा इंधनातलं गंधक त्याला मिळालं, की निकेल सल्फाइडचा बारीक थेंब बनतो. व्यास साधारण 0.05 ते 0.5 मिमी. साधी काच सावकाश थंड होते, तोवर अल्फाचं बीटा होऊन जातं, आणि तिच्या पोटात मोठा ताणही नसतो. टफन्ड काच सुमारे 620 ते 650 अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटक्यात थंड करतात. थेंब अल्फा रूपातच अडकतो. नंतर खोलीच्या तापमानाला तो हळूहळू बीटा होतो आणि त्याचं आकारमान 2 ते 4 टक्क्यांनी वाढतं. टफन्ड काचेचा पृष्ठभाग दाबाखाली आणि मधला भाग ताणाखाली असतो. फुगणारा थेंब त्या मधल्या भागात असेल तर तिथून तडा सुटतो आणि अख्खी काच क्षणात चुरा होते. हे काच बसवल्यावर काही दिवसांनी घडू शकतं, काही वर्षांनीही. मेलबर्नच्या आयसीआय हाउस इमारतीच्या काचा फुटल्यावर संशोधक बॅलेंटाइन यांनी 1961 मध्ये हे कारण मांडलं. म्हणजे साठ वर्षांहून जुनी माहिती आहे. 'आम्हाला कल्पना नव्हती' हे आज कोणत्याही काचपुरवठादाराने म्हणू नये.

पहिला मुद्दा, कारण सिद्ध झालं आहे का? निकेल सल्फाइडने फुटलेल्या काचेत उगमाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे एकमेकांना चिकटून असतात आणि त्यांच्या मधल्या सीमेवर काळसर ठिपका सापडतो. तुकडे नुसते फुलपाखरासारखे दिसले म्हणून निष्कर्ष काढू नका. ठिपका हवा, आणि त्यात निकेल व गंधक आहे हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर दिसायला हवं. काच फ्रेमच्या धातूला टेकली, बिजागरी जास्त आवळली, कड टवकली, तरीही ती दिवसांनी फुटू शकते, आणि तो दोष बसवणाऱ्याचा. अशा वेळीही 'निकेल सल्फाइड' म्हणून हात झटकले जातात, कारण ते सिद्ध करणारे तुकडे तासाभरात झाडून गोणीत गेलेले असतात. पुन्हा असं घडलं आणि काच चौकटीतच उभी असेल, तर सुरक्षित अंतरावरून आधी फोटो काढा, खाली कोणी जाणार नाही अशी सोय करा, मग जाणकाराकडून दोन्ही बाजूंना रुंद चिकटपट्टी लावून उगमाचा भाग वेगळा ठेवून घ्या. केरसुणी त्यानंतर.

दुसरा मुद्दा, तशीच काच पुन्हा का? कारण खरोखर निकेल सल्फाइडच असेल तर त्याच लॉटच्या बाकी काचांवरही संशय घ्यायला हवा. उंचावरच्या कठड्याला एकेरी टफन्ड काच लावूच नये असं माझं ठाम मत आहे. 12 मिमी काचेचं वजन चौरस मीटरला 30 किलो भरतं, आणि तुकडे सुटे न पडता ढेकळांनी खाली येतात. दोन टफन्ड काचांमध्ये पीव्हीबीसारखा चिवट प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच घ्या. एक फुटली तरी ती थराला धरून राहते आणि बदलायला वेळ मिळतो. संरचना अभियंत्याकडून जाडी आणि आधार लेखी मंजूर करून घ्या, सोसायटीच्या ठरावात ते नोंदवा. आणि हे पुढच्या सभेपर्यंत लांबवू नका; तोवर त्या रांगेखालचा पदपथ बंद ठेवा.

प्रश्न : पुरवठादार 'हीट सोक केलेली आहे' म्हणतो. पुरेसं आहे का? (पिंपरी)

त्याच्या म्हणण्याने नाही, भट्टीच्या नोंदीने. हीट सोक म्हणजे टफन्ड काच मुद्दाम तापवून संशयित थेंबांना कारखान्यातच फुटायला लावणं. युरोपीय मानक ईएन 14179 मध्ये आधी 290 अंश होतं. 2016 च्या आवृत्तीत ते 260 अधिक-उणे 10 अंश, दोन तास असं झालं. थेंबात निकेल किंचित कमी असेल तर अल्फा रूप खाली 282 अंशांपर्यंतही टिकून राहू शकतं, मग त्याहून जास्त तापवलं तर ते बीटा होत नाही. म्हणून 'आम्ही 300 ला करतो' ही बढाई उलट काळजीची आहे.

नोंदीत पाहायचं ते हे : तापमान काचेवर मोजलं आहे की फक्त भट्टीतल्या हवेचं? दोन तास कधीपासून मोजले? सगळ्यात उशिरा तापणारी काच 250 अंशांना पोहोचल्यावरच ते सुरू होतात. काचांमध्ये हवा खेळायला फट ठेवली होती का? आयएस 2553 या सुरक्षा-काचेच्या भारतीय मानकाचा शिक्का पाहून हीट सोक झालंच असं समजू नका, खरेदी आदेशात ते वेगळं लिहून घ्या. एवढं करूनही हमी शंभर टक्के नाही. त्या मानकातच सरासरी 400 टन काचेमागे एक काच फुटेल असं धरलं आहे. 10 मिमी काचेचे ते 16,000 चौरस मीटर होतात. धोका खूप कमी झाला, संपला नाही. दर्शनी काचेचं काम मोठं असेल तर फसाड (इमारतीच्या दर्शनी बाजूच्या) सल्लागाराला भट्टीवर हजर ठेवा.

प्रश्न : बॅटरी मारून थेंब दिसेल का? (नागपूर)

जागेवर, डोळ्यांनी, नाही. दिसलेला ठिपका बहुधा बुडबुडा किंवा धूळ असते.

प्रश्न : बसवलेल्या शॉवरच्या काचेवर फिल्म लावली तर फुटणार नाही ना? (वाशी)

फुटू शकते. फिल्म फुटणं थांबवत नाही, तुकडे धरून ठेवते. आणि कडा नीट बांधल्या नसतील तर फिल्मसकट अख्खी चादर अंगावर कोसळू शकते. त्या काचेला नवं भोक पाडू नका, कड घासू नका, टफन्ड काच त्याने लगेच फुटते. बिजागऱ्यांतलं रबर जागेवर आहे का, काच कुठे धातूला किंवा टाइलला टेकते का, हे बसवणाऱ्याला बोलावून तपासून घ्या. घरात लहान मुलं असतील तर फिल्मचा खर्च वाचवा आणि लॅमिनेटेड काचेचं अंदाजपत्रक मागवा.