बहिणीला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असावा असं वाटतं. नागपुरात त्याची रक्ततपासणी किंवा एमआरआय होतो का?

नाही, कुठल्याच व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान रक्ततपासणीने किंवा एमआरआयने होत नाही. ते सविस्तर मुलाखतीतून होतं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन मार्गदर्शक पुस्तकानुसार बॉर्डरलाइनसाठी ९ पैकी किमान ५ लक्षणं लागतात, तीही तारुण्याच्या सुरुवातीपासून, घरी, कामावर, नात्यांत सगळीकडे दिसणारी. म्हणून डॉक्टर आईलाही विचारतात, हे नोकरी गेल्यापासूनचं की कॉलेजपासूनचं? माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. थायरॉइड तपासायला सांगितलं तर तपासा, ते दुसरं कारण वगळायला असतं. मात्र ऐन नैराश्यात, पहिल्याच भेटीत झालेलं निदान पक्कं धरू नका. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार ओपीडीत दाखवा. ती स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल तर आजच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ला फोन लावा.