सासऱ्यांच्या कल्चर रिपोर्टमध्ये सगळीकडे 'आर' का आलं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासरे 8 दिवस देवासला भरती होते, मग इंदूरला आणून व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि आता कफाच्या कल्चरमध्ये, म्हणजे कफातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघालाय, बहुतेक औषधांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला दाद न देणारा. 'आम्ही भेटायला जातो, त्यामुळे झालं का?' असं विचारलंत. इंदूरच्या आयसीयूंत मी सिस्टर म्हणून 22 वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते, ही टोचणी आधी मनातून काढा. हात धुऊन आत जात राहा.

मुख्य कारण बहुधा आधीच घडलेलं असतं. गेल्या 3 महिन्यांत अँटिबायोटिक, त्यातही सलाईनमधून, दिली असतील तर आतड्यातले साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे फोफावतात. पुढे तेच छातीत, लघवीत, रक्तात पोचतात. एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवणं, लांबलेला मुक्काम, मधुमेह, डायलिसिस, स्टिरॉइड यांनी धोका आणखी वाढतो.

मग नळ्या. घशात नळी असली की माणसाला नीट खोकता येत नाही. नळी जागेवर धरणाऱ्या तिच्याभोवतीच्या फुग्यावर साचलेली लाळ थेंबथेंब फुफ्फुसात झिरपते. म्हणून तर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली ठेवतात. गेल्यावर तेवढं बघा. मानेतली लाइन, म्हणजे औषधासाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी, आणि लघवीची नळी यांचा प्रत्येक जादा दिवस महागात पडतो, तेव्हा राउंडला रोज विचारा, 'आज यातली कुठली काढता येईल?' चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि हात, आमचे हात. एका रात्री मी एका पेशंटची लघवीची पिशवी रिकामी करत होते, शेजारच्या बेडचा पंप वाजायला लागला, आणि त्याच ग्लोव्हजनी मी त्याचं बटण दाबलं. दोन पावलांचं अंतर. असिनेटोबॅक्टरसारखा जंतू कोरड्या बटणावरही कित्येक दिवस जिवंत राहतो. ते बटण अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

एक मात्र डॉक्टरांना जरूर विचारा: हा जंतू नुसता नळीत बसलाय, की खरंच न्यूमोनिया आहे? ताप, एक्स-रे, वाढलेली ऑक्सिजनची गरज, हे सगळं बघून ते ठरतं. नुसत्या रिपोर्टवर कोलिस्टिनसारखं किडनीला जड जाणारं औषध सुरू करायचं नसतं.

देवासच्या डिस्चार्ज कार्डावरून तिथे दिलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव आणि तारखा एका कागदावर उतरवा. घरी मेडिकलवरून आणून दिलेल्या गोळ्याही लिहा, संकोचू नका. तो कागद आज संध्याकाळच्या राउंडलाच हातात द्या.