टाकीतल्या गोगलगायी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माशांची दोन फुटांची टाकी आहे, साधारण ६० लिटर पाणी. त्यात १२ निऑन टेट्रा मासे, थोडे चेरी श्रिंप (बारीक कोळंबी), व्हॅलिस्नेरिया आणि जावा फर्न ही पाणझाडं. व्हॅलिस्नेरियाबरोबर दोन-चार गोगलगायी आल्या असाव्यात. चार महिन्यांत काच भरली. रोज वीस-पंचवीस काढतो, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच दिसतात. फर्नच्या पानांना भोकंही पडली आहेत. दुकानात तांब्याचं औषध घालायला सांगितलं. घालू का? (डिचोली)

उत्तर: घालू नका. तांब्याने गोगलगायी मरतात, पण त्याआधी श्रिंप मरतील. आपल्याकडच्या मऊ पाण्यात कॅल्शियम कमी असल्यामुळे तेच तांबं माशांनाही जास्त बाधतं, आणि थोडंफार तळाच्या मातीत उरून पुढे श्रिंप ठेवणं अवघड करतं. शिवाय शंभर-दोनशे गोगलगायी एका रात्रीत वाळूत मेल्या की त्या सडतात, दोन दिवसांत अमोनिया चढतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

आधी कोणती जात आहे ते बघा. पातळ, पारदर्शक, थेंबासारखं कवच आणि पानाखाली जेलीचा लांबट ठिपका असेल तर ब्लॅडर स्नेल. चकलीसारखं चपटं वेटोळं आणि तपकिरी, चपटी जेली असेल तर रॅम्सहॉर्न. लांब टोकदार शंकू, दिवसा वाळूत आणि रात्री काचेवर दिसणारी ती ट्रम्पेट. ही थेट पिल्लंच घालते, आणि नराशिवायही, म्हणून अंडी शोधत बसण्यात अर्थ नाही.

तिन्हींची संख्या एकाच गोष्टीवर चालते: उरलेलं खाणं, सडकं पान आणि शेवाळ. तुम्ही वीस काढता तेव्हा उरलेल्यांना जास्त खायला मिळतं आणि त्या जास्त अंडी घालतात. म्हणून हात आधी खाण्याच्या डबीवर आवरायचा. बारा टेट्रांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस पूर्ण उपास. निऑनचं पोट डोळ्यापेक्षा मोठं नसतं, तेव्हा दोन बोटांची चिमूट जास्तच होते. पिवळी पानं बुडापासून कापा. दर आठवड्याला १५ लिटर पाणी बदलताना सायफनची नळी तळाला लावून तिथला गाळ ओढून घ्या.

त्याच जोडीला सापळा. काकडीची अर्धा इंच जाड चकती एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून काढा, स्टीलच्या काट्याला टोचा आणि दिवा बंद करताना तळाला ठेवा. तीन-चार तासांनी काटा हळू उचला. झटका दिलात तर निम्म्या गोगलगायी सुटून खाली पडतात. चकती दुपारपर्यंत टाकीत राहिली तर ती सडते आणि सापळ्याचंच खाणं होतं. दहा-बारा रात्री सलग करा. संख्या पहिल्या आठवड्यात नव्हे, महिन्याभराने उतरते, कारण घातलेली अंडी अजून फुटायची असतात.

दुसऱ्या गोगलगायी खाणाऱ्या अॅसॅसिन स्नेल ३-४ सोडल्या तर मदत होते, पण त्यांचं काम संथ आहे. गोगलगायी खाणारे बोटिया लोच मासे घेऊ नका. ते १२ ते १५ सेंटिमीटर वाढतात आणि कळपाने राहतात. दोन फुटांची टाकी त्यांना पुरत नाही. पी पफर हा छोटा मासा गोगलगायी आवडीने खातो, मात्र टेट्रांचे पंखही कुरतडतो.

हँग-ऑन (काठावर टांगायचा) फिल्टर खडखडू लागला तर बंद करून पंखा काढून बघा. आत एखादं बारीक कवच अडकलेलं सापडेल. आत ओढणाऱ्या नळीवर स्पंज बसवा.

आता पानांची भोकं. ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न सहसा निरोगी फर्न खात नाहीत. मेलेला भाग साफ करायला येतात आणि आळ त्यांच्यावर येतो. जुन्या पानांवर आधी बारीक ठिपका, मग भोक, असं असेल तर पोटॅशियम कमी आहे. खतांच्या दुकानात मिळणारं पाण्यात विरघळणारं सल्फेट ऑफ पोटॅश (०-०-५०) १ ग्रॅम ६० लिटरमध्ये घातलं की लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम पोटॅशियम होतं. दर आठवड्याच्या पाणीबदलानंतर एकदा घाला. जुनी भोकं भरत नाहीत. नवीन पान कसं येतं ते पाहा.

प्रश्न: नवी झाडं आणली की गोगलगायी येतातच. आधीच काही करता येईल? (फोंडा)

उत्तर: चार लिटर पाण्यात ३ मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून झाडं २-३ तास बुडवून ठेवा, मग स्वच्छ धुवा. गोगलगायी मरतात, अंडी मात्र वाचू शकतात. अॅन्युबियास आणि जावा फर्नसारख्या दणकट झाडांना बिनसुवासाच्या ब्लीचचं पाणी चालतं: १ भाग ब्लीच, १९ भाग पाणी, जास्तीत जास्त २ मिनिटं. नंतर डीक्लोरिनेटरच्या (क्लोरिन काढणाऱ्या औषधाच्या) पाण्यात बुडवून क्लोरिनचा वास जाईपर्यंत धुवायचं. व्हॅलिस्नेरिया आणि मॉस ब्लीचमध्ये जळतात. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे वेगळ्या बादलीत, उजेडात, तीन-चार आठवडे ठेवून आठवड्याला पानांच्या खालची बाजू तपासणं. बादली झाकून ठेवा, नाहीतर डासांची अळी होईल.

प्रश्न: मुद्दाम पाळलेल्या नेराइट गोगलगायींच्या कवचांना पांढरे खड्डे पडलेत. पाणी विहिरीचं. काचेवर तिळासारखे पांढरे ठिपकेही आहेत. (साखळी)

उत्तर: ठिपके ही त्यांचीच अंडी. गोड्या पाण्यात त्यांतून पिल्लं मोठी होत नाहीत, त्यांना खारट पाणी लागतं. ब्लेडने खरवडून काढा.

खड्डे पडतात ते आम्लामुळे. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा आम्ल आणि मऊ असतं, आणि असं पाणी कवचातला चुना विरघळवतं. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत असाल तर आणखी. टेस्ट किटने पीएच आणि जीएच (पाण्याचा कठीणपणा) मोजा; ७ च्या वर पीएच आणि ६ च्या वर जीएच हवा. स्वयंपाकघरातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या मांस काढून १५ मिनिटं उकळा, वाळवा, कुटा. ६० लिटरमागे दोन मोठे चमचे चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्ल असेल तेवढाच चुरा झपाट्याने विरघळतो, पीएच चढला की वेग मंदावतो, म्हणून आठवडाभर बघून मगच वाढवा. खाण्याच्या चुन्याची डबी मात्र टाकीत उलटू नका. पीएच तासाभरात उडी मारतो.

प्रश्न: पावसात शेतात मिळणारे कोंगे (मोठ्या गोगलगायी) टाकीत ठेवले तर? (पेडणे)

उत्तर: झाडं लावलेल्या टाकीत नको. भातशेतातला मोठा कोंगा कोवळी पानं खरोखरच खातो, रात्री काठावरून बाहेर पडतो आणि शेतातून कृमी घेऊन येऊ शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. वेगळ्या टबात ठेवायचाच असेल तर वर जाळी बांधा आणि एका बाजूला ओली माती ठेवा, कारण तो अंडी पाण्यात नव्हे, काठाच्या ओल्या मातीत घालतो.