गिटारचा मधला पिकअप मध्येच गप्प होतो. पिकअप बदलू की स्विच?

तुम्ही लिहिलंय ते असं: स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) धाटणीची गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचे, त्यांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे), पाच जागांचा स्विच. तिसऱ्या जागेवर आवाज येतो-जातो, स्विच जरा दाबून धरला की खरखरत परत येतो, आणि दुकानदार म्हणतोय मधला पिकअप गेला, नवा टाकू. एवढ्यात पैसे काढू नका. स्विचची दांडी दाबून आवाज परत येत असेल तर माझा संशय स्विचवरच आहे. पिकअपची केसाहून बारीक तार तुटली तर ती सहसा अशी बोटाच्या इशाऱ्यावर जुळत नाही.

आधी गिटार न उघडता तपासा. अँप (अँप्लिफायर) हळू ठेवा, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेका पिकअपवर हलकं टकटक करा. 1 वर फक्त ब्रिजचा (तारा बुडाशी टेकतात तिथला) वाजला पाहिजे, 2 वर ब्रिज आणि मधला, 3 वर एकटा मधला, 4 वर मधला आणि नेक (मानेजवळचा), 5 वर नेक. मधला 2 आणि 4 वर खणखणीत आणि 3 वरच मुका असेल तर पिकअप निर्दोष सुटला. तिन्ही जागी मुका असेल तर पिकअप, त्याच्या वायरचा डाग (सोल्डरचा जोड) आणि स्विच, तिघंही संशयित. पाचही जागी सारखीच खरखर असेल तर स्विचच्या वाटेला जाऊच नका. केबल बदलून बघा, मग जॅक (केबल खोचायचं भोक).

साधा मल्टीमीटर असेल तर अंदाजाचं कामच उरत नाही. केबल गिटारला लावा आणि केबलच्या दुसऱ्या, मोकळ्या पिनच्या टोकावर एक, त्याच पिनच्या दांड्यावर एक असे मीटरचे प्रोब धरा. व्हॉल्यूम पूर्णच हवा. एकट्या सिंगल कॉइलला साधारण 5.5 ते 7 किलोओहम दिसतात. 2 आणि 4 वर दोन पिकअप समांतर जोडले जातात, म्हणून तिथे जवळपास निम्मे, 3 च्या आसपास. आता 3 वर या आणि दांडी हलकेच डोलवत आकड्यावर नजर ठेवा. 6 वरून तो 250 च्या आसपास उडाला की चोर सापडला: हे 250 किलोओहम व्हॉल्यूम पॉटचे (बटणाखालच्या फिरत्या रेझिस्टरचे), म्हणजे त्या क्षणी पिकअप सर्किटमध्येच नाही. (मीटर 20 के, म्हणजे 20 किलोओहमच्या रेंजवर असेल तर तेव्हा नुसता 1 दिसेल. रेंज वाढवा.)

1954 साली आलेल्या पहिल्या स्ट्रॅटोकास्टरला तीनच जागा होत्या. वादक दांडी दोन खाचांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायचे. पाच जागांचा स्विच फेंडरने 1977 पासून कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. आत सरकणारी पत्ती 2 आणि 4 वर दोन संपर्कांना एकदम टेकते, एवढीच गंमत. पत्तीवर काळा थर चढला किंवा तिची पकड सैल झाली की तुमच्यासारखी तक्रार सुरू. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत हा थर लवकर चढतो.

आता उपाय. तारा सैल करा, पिकगार्डचे (पिकअप आणि स्विच बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे) स्क्रू काढा (बहुतेक 11 असतात), गार्ड उलटवा. पत्ती उघडी दिसणारा स्विच असेल तर थेट संपर्कावर, बंद डबीचा असेल तर फटीतून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि दांडी वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बिजागरीचा स्प्रे नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. उघडलंच आहे तर वायरचे डागही बोटाने हलवून बघा. मळकट, भेगाळलेला डाग दिसला तर तिथे पुन्हा सोल्डर द्या. तिन्ही जागी मुका होता असं निघालं असेल तर स्विच 1 वर ठेवून मधल्या पिकअपच्या वायरवर थेट मीटर लावा. 6 च्या आसपास आकडा आला तर पिकअप जिवंत आहे.

सफाईने महिना-दोन महिने बरं वाटून पुन्हा तेच झालं, तर पत्ती झिजलीय. मग स्विच बदला. डबीचा आणि उघडा, दोन्ही काम तेच करतात, पण पायांची (वायर जोडायच्या टोकांची) रचना वेगळी, उघड्याला पोकळीत खोली जास्त लागते आणि जुनी प्लॅस्टिकची टोपी नव्या दांडीवर बसेलच असं नाही. म्हणून जुना काढून सोबत न्या, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. वायर सोडवण्याआधी फोटो काढा. 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते, पण एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर डबीचं प्लॅस्टिक वितळतं. आणि गार्ड परत आवळण्याआधी केबल लावून पाचही जागांचे आकडे एकदा बघून घ्या.